पेशीचे मरण, यंत्राचा शेवट आणि माणसाचे मोल

मरण म्हणजे शिक्षा किंवा मरण म्हणजे नशिबाचा घाला, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. या समजुतीवर अनेकांची पोटे भरली. परंतु गेल्या पन्नास वर्षांत जीवशास्त्राने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली आहे. ती अशी की, आपल्या जिवंत शरीरात रोज अब्जावधी पेशी स्वतःचा शेवट स्वतः करून घेतात, आणि त्या तसे करतात म्हणूनच शरीर टिकते. तेथे मरण हा अपघात नसतो. ते नेमून दिलेले काम असते. संगणकशास्त्रज्ञांनी हे पाहिले आणि त्यांच्या मनात विचार आला की, आपण जी सॉफ्टवेअर तयार करतो त्यांनाही असे वेळेवर मरता आले तर? बिघडलेला भाग आपणहून मिटला आणि त्याची जागा नव्या भागाने घेतली, तर संपूर्ण व्यवस्था स्वतःची दुरुस्ती स्वतः करू शकेल.

वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा विषय वाटेल. पण त्याच्या पोटात नीतीचा एक मोठा प्रश्न आहे. समग्राच्या भल्यासाठी एका भागाने मिटून जावे, हा नियम कोठे लागू करावा आणि कोठे करू नये? हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. समाज हे शरीर आहे आणि तुमची जागा त्या शरीराच्या पायाशी आहे, असे आपल्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या सांगण्यात आले. म्हणून कोणी शरीराचा दाखला देऊ लागला की आपण सावध झाले पाहिजे. मात्र सावध होणे म्हणजे ऐकूनच न घेणे नव्हे. प्रथम विज्ञान काय सांगते ते नीट समजून घेऊ आणि मग निर्णय करू.

पेशी कशी मरते?

१९७२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलेस्टर करी या तीन शास्त्रज्ञांनी पेशींच्या या मरणाला ‘ॲपॉप्टोसिस’ असे नाव दिले. हा शब्द त्यांना त्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचवला. झाडाची पाने गळणे किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे असा त्याचा मूळ अर्थ. पानगळीने झाड मरत नाही, तसेच हे.

आईच्या पोटात गर्भाचा हात प्रथम वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांच्या मधल्या पेशी मरतात तेव्हा पाच बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाचे शेपूट असेच नाहीसे होते. ‘सी. एलेगन्स’ नावाचा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा एक कृमी आहे. त्याच्या वाढीत १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांतील १३१ ठरलेल्या वेळी मरतात. उरतात ९५९. या कृमीच्या अभ्यासातून पेशीला मरण्याची आज्ञा देणारी आणि ती आज्ञा रोखणारी जनुके सापडली. त्यासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट होर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशी दोन प्रकारे मरते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मार बसला, भाजले, रक्तपुरवठा तुटला तर पेशी फुगते आणि फुटते. तिच्या आतला ऐवज शेजाऱ्यांवर सांडतो, सूज येते, शेजारच्या पेशींनाही इजा होते. याला नेक्रोसिस म्हणतात. ॲपॉप्टोसिसची रीत निराळी. पेशी आक्रसते, स्वतःचे लहान लहान बंद तुकडे करते आणि आपल्या बाहेरच्या आवरणावर ‘मला उचला’ अशी खूण लावते. सफाई करणाऱ्या पेशी येऊन ते तुकडे गिळून टाकतात. शेजाऱ्यांना त्रास होत नाही.

१९९२ साली लंडनचे मार्टिन रॅफ यांनी आणखी एक महत्त्वाचा विचार मांडला. प्राण्यांच्या बहुतेक पेशींना जगत राहण्यासाठी इतर पेशींकडून सतत संकेत मिळावे लागतात, आणि ते संकेत थांबले की पेशी मरणाची वाट धरते. म्हणजे पेशीचे जगणे हे एकटीचे जगणे नाही. ते शेजाऱ्यांच्या आधारावर उभे आहे. कारणे आहेत तोवर अस्तित्व आहे आणि कारणे सरली की अस्तित्व सरते, हा विचार ज्यांनी प्रतीत्यसमुत्पाद अभ्यासला त्यांना ओळखीचा वाटेल. मात्र तेवढ्यावरून आमच्या शास्त्त्यात पेशीविज्ञान आधीच होते, असला दावा आपण करू नये. तसले दावे करणारे दुसरे पुष्कळ आहेत.

पेशी लगेच मरत नाही, हेही पाहिले पाहिजे. तिच्या जनुकद्रव्यात बिघाड झाला तर ‘पी-५३’ नावाचे प्रथिन प्रथम तिची वाढ थांबवते आणि दुरुस्तीला अवसर देते. बिघाड दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तरच मरणाची आज्ञा सुटते. ज्यांच्यात ही व्यवस्था मोडते त्या पेशी मरण्याचे नाकारतात आणि वाढतच राहतात. त्यालाच आपण कर्करोग म्हणतो. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते. उलट, जेथे मरू नये तेथे पेशी मरू लागल्या तर मेंदूचे झिजणारे रोग होतात. तात्पर्य, मरण कमी पडले तरी रोग आणि जास्त झाले तरी रोग.

संगणकाला मरण का हवे?

आता संगणकाकडे वळू. सॉफ्टवेअर एजंट म्हणजे काय? मालकाने काम सांगून परगावी धाडलेला कारभारी, असे समजावे. मालक प्रत्येक पावलाला सोबत नसतो. कारभारी स्वतः परिस्थिती पाहतो आणि निर्णय घेतो. असा कारभारी काम संपल्यावर परतलाच नाही, किंवा त्याची मती फिरली, तर काय?

असे घडलेले आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत जॉन शॉक आणि जॉन हप यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत जाणारी ‘वर्म’ नावाची सॉफ्टवेअर तयार केली होती. रिकाम्या संगणकांना कामाला लावावे हा त्यांचा सद्हेतू. एका रात्री त्यांतील एक बिघडले आणि सकाळी लोक कामावर आले तेव्हा संगणक बंद पडलेले. पण या दोघांनी आधीच एक सोय करून ठेवली होती. विशिष्ट संदेश पाठवला की सर्व वर्म जागच्या जागी थांबत. ती सोय त्या दिवशी कामी आली. १९८२ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मात्र अशी सोय नव्हती. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक वर्म सोडला. एका संगणकावर आपली दुसरी प्रत आढळली तर दोहोंपैकी एकीने मिटावे, अशी तजवीज त्याने केली होती. पण कोणी खोटी प्रत दाखवून आपल्या वर्मला फसवील या भीतीने त्याने आणखी एक नियम घातला. सातांतून एका वेळी वर्मने काहीही न विचारता चालूच राहावे. ती एक सप्तमांश अमरताच घातक ठरली. प्रतींवर प्रती चढल्या आणि त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार संगणक ठप्प झाले. मरण्याचे नाकारणारी पेशी आणि मिटण्याचे नाकारणारी ही आज्ञावली यांत फरक तो काय?

पुढे अल्स्टर विद्यापीठातील रॉय स्टेरिट आणि नासामध्ये काम केलेले माइक हिंची यांनी पेशीच्या मरणावरून थेट धडा घेतला. २०११ साली स्टेरिट यांनी मांडलेल्या लेखाचे सूत्र असे की, मरण हीच एजंटाची मूळ स्थिती असावी. त्याला ठराविक काळाने ‘अजून जगत राहा’ असा संकेत मिळाला तरच त्याने चालू राहावे. संकेत थांबला की त्याने आवराआवर करून मिटावे. रॅफने पेशीविषयी जे सांगितले तेच येथे संगणकात उतरवलेले आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यात सुमारे हजार छोटी याने एकत्र पाठवण्याची कल्पना नासात मांडली गेली होती. पृथ्वीपासून इतक्या दूर बिघडलेल्या यानाला थांबवायला कोण जाणार? त्यानेच स्वतःला आवरले पाहिजे, म्हणजे इतरांचे काम बिघडणार नाही.

स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून ‘एर्लांग’ ही संगणकभाषा घडवली. टेलिफोनच्या यंत्रणेत हजारो लहान लहान प्रक्रिया एकाच वेळी चालतात. त्यांतील एखादी चुकली तर तिने कसेबसे रेटत राहू नये, पडून जावे. तिच्यावर देखरेख करणारी दुसरी प्रक्रिया ते पाहते आणि तिच्या जागी नवी सुरू करते. एका ग्राहकाचा फोन तुटतो, पण गावाची टेलिफोन यंत्रणा चालू राहते. येथे दुरुस्ती म्हणजे जखमेवर ठिगळ लावणे नव्हे. निरोगी अवस्थेपासून पुन्हा आरंभ करणे, ही त्यांची दुरुस्ती.

न मरण्याची किंमत आणि चुकून मरण्याची किंमत

कोणी म्हणेल, एवढा गाजावाजा कशासाठी? संगणक बंद पडला तर पुन्हा चालू करावा. पण ‘पुन्हा चालू करावा’ हे साधे काम न केल्याने माणसे मेली आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरबस्तानातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिच्या घड्याळात प्रत्येक क्षणाला अतिसूक्ष्म चूक साचत होती. शंभर तासांत ती सुमारे एकतृतीयांश सेकंदाची झाली. इराकी क्षेपणास्त्र कोठे शोधायचे याचा हिशेब त्यामुळे चुकला आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. यंत्रणा मधून मधून बंद करून पुन्हा चालू केली असती तर साचलेली चूक पुसली गेली असती. सुधारलेले सॉफ्टवेअर तेथे पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

आता उलट उदाहरण पाहा. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत एक मोठी संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या लहान जागेत मावली नाही. चूक आढळताच यंत्रणेने नियमाप्रमाणे स्वतःला बंद केले. तिच्या जागी उभी राहायला दुसरी यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होते, आणि तीही त्याच कारणाने आधीच बंद पडलेली होती. विशेष म्हणजे ज्या हिशेबात ही चूक झाली त्या हिशेबाची उड्डाणानंतर काही गरजच नव्हती. तो जुन्या एरियान-४ मधून तसाच पुढे आला होता. ज्याने मिटायला हवे होते ते चालू राहिले आणि ज्याने जगायला हवे होते ते मिटले.

या दोन उदाहरणांवरून दिसते की, मरणाचा नियम नुसता घालून भागत नाही. तो घालताना काही अटी पाळाव्या लागतात. मला तीन अटी दिसतात. पहिली, जो भाग मिटणार त्याला स्वतःचे सुखदुःख नसावे. दुसरी, मिटण्याचे कारण तपासता आले पाहिजे, आणि दुरुस्तीचा अवसर आधी दिलेला असला पाहिजे. तिसरी, त्याचे काम उचलणारा खरोखरच निराळा आणि निरोगी भाग शिल्लक असावा, आणि मिटण्याचा भार शेजाऱ्यांवर पडू नये. नीतीच्या दृष्टीने या तिन्हींत पहिली अट सर्वांत मोठी आहे.

माणूस ही पेशी नाही

येथे मुख्य प्रश्नाकडे येतो. पेशीला जो नियम, संगणकाच्या एजंटाला जो नियम, तोच माणसाला का लावू नये? असा प्रश्न विचारणारे लोक प्रत्येक काळात झाले आहेत. रोममध्ये श्रमकरी प्लेब लोक वरिष्ठांच्या जुलुमाला कंटाळून शहर सोडून गेले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून परत आणले, असे लिव्ही हा इतिहासकार लिहितो. आपल्या देशात पुरुषसूक्ताने तेच केले. बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या सूक्ताची चिकित्सा केली ती उगाच नव्हे. एकदा समाजाला शरीर म्हटले की, कोणी डोके व्हायचे आणि कोणी पाय, हे बोलणाराच ठरवून टाकतो. आणि बोलणारा स्वतःला पाय म्हणवून घेत नाही.

कोणी आणखी पुढे जाऊन म्हणेल की, विज्ञानच आमच्या बाजूला आहे. त्या कृमीच्या १३१ पेशी कोणत्या, हे त्यांच्या वंशावरूनच ठरते. प्रत्येक कृमीत त्याच जागच्या पेशी मरतात. म्हणजे जन्मावरून नशीब ठरवणे हा निसर्गाचाच नियम नाही का? हा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण त्यातील माहिती खरी आहे. अनुमान मात्र खोटे आहे. निसर्गात जे आढळते ते माणसाने आचरावे असे त्यातून निष्पन्न होत नाही. तसे असते तर देवीचा रोगही निसर्गातच होता, तो आपण नाहीसा केला नसता.

शिवाय पेशी आणि माणूस यांत मूलभूत फरक आहे. एका शरीरातील सर्व पेशी एकाच फलित पेशीपासून झालेल्या असतात. एक गेली तरी तिचा वारसा तिच्या बहिणींत जवळजवळ तसाच शिल्लक राहतो. शरीराबाहेर तिला जीवन नाही, तिला वेदना नाही, भविष्य नाही, हवे-नको नाही. वेदना होते ती शरीराला. समाजात नेमके उलट आहे. समाजाला स्वतःची अशी वेदना नाही, समाजाला भूक लागत नाही. भूक लागते, अपमान सलतो तो एकेका माणसाला. शरीरासाठी पेशी असते, पण समाज माणसांसाठी असतो. आपल्या राज्यघटनेच्या मसुद्याने गाव हा घटक टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला, याबद्दल बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात समाधान व्यक्त केले होते. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

म्हणून जो माणूस स्वतःच्या विचाराने दुसऱ्यासाठी झिजतो त्याचा त्याग थोर आहे. पण दुसऱ्याने ठरवून दिलेला त्याग हा त्याग नव्हेच. ती लूट आहे.

यंत्र जगले, माणसे मोडली

हा प्रश्न पुस्तकी नाही. इंग्लंडमधील उदाहरण पाहा. १९९९ पासून तेथील टपाल खात्याच्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा आली. तिच्यात दोष होते. जेथे पैसे कमी नव्हते तेथेही ती तूट दाखवी. छोट्या शाखा चालवणारे लोक सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण यंत्रावर विश्वास ठेवण्यात आला आणि माणसांवर खटले भरण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवले गेले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार विकून न झालेली तूट भरली. २०१९ साली न्यायालयाने यंत्रणेतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

पेशीच्या आत पी-५३ सारखा पहारेकरी असतो. बिघाड माझ्यातच तर नाही ना, हे तो प्रथम पाहतो. होरायझनभोवतीच्या व्यवस्थेत असा पहारेकरी नव्हता. जी व्यवस्था स्वतःवर संशय घेऊ शकत नाही, ती आपला दोष सर्वांत दुबळ्याच्या माथी मारते. शरीरात दोषी भाग मिटतो आणि शरीर वाचते. येथे दोषी भाग टिकला आणि निर्दोष माणसे कापून टाकली गेली. हा अनुभव आपल्याला इंग्लंडहून शिकावा लागत नाही, पण संगणकाच्या युगातही तो तसाच घडतो हे शिकण्यासारखे आहे.

आज आपल्या समाजातील पुष्कळ तरुण-तरुणी संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांनी पेशीपासून जरूर शिकावे. जे सॉफ्टवेअर तुम्ही घडवता त्याला शेवट कधी आहे? त्याला जगत राहण्याची परवानगी कोण देतो आणि किती दिवसांची? ते चुकले तर ते स्वतःला आवरते की दुसऱ्याला दोषी ठरवते? ज्याचे रेशन, पेन्शन किंवा नोकरी त्याच्या निकालावर अवलंबून आहे, त्या माणसाचे म्हणणे ऐकायला कोणी जिवंत माणूस बसलेला आहे काय? आणि यंत्र मिटले तरी जबाबदारी मिटत नाही, ती कोणाच्या नावावर आहे? हे प्रश्न कामाच्या ठिकाणी विचारायला धैर्य लागते. पण ते विचारणारा तेथे कोणीतरी असला पाहिजे.

तथागतांनी आपल्या धम्मालाही तराफ्याची उपमा दिली. नदी ओलांडण्यासाठी तराफा असतो. पलीकडे गेल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडायचे नसते. स्वतःच्या शिकवणीविषयी ज्यांनी असे सांगितले त्यांच्या अनुयायांनी एखाद्या यंत्राला, एखाद्या नियमाला किंवा एखाद्या संस्थेला अमर मानण्याचे कारण नाही. साधनांना शेवट असावा आणि तो त्यांच्या घडणीतच असावा. माणूस मात्र कोणाचे साधन नाही, म्हणून त्याला हा नियम लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.